साडेआठ लाख पौंडांचा कुड

जेवणघराच्या भिंतीत वीतभर उंचीची एक चौकट होती. तिला काच लावलेली, आत पिवळा दिवा. मला आधी देव्हाराच वाटला. घर दाखवायला आलेला एजंट, पंचविशीचा पोरगा, तिथे मुद्दाम थांबला. हे या घरातलं खास, म्हणाला. काचेआड काय, तर हेझलच्या काठ्यांचं विणकाम, त्यावर लिंपलेली माती आणि मातीतून डोकावणारा पेंढा. "यात शेणसुद्धा असतं बरं का," तो आवाज जरा खाली आणून म्हणाला. ऐकून आम्हाला कसंसंच होईल, अशी त्याला धास्ती असावी.

बायकोने माझ्याकडे बघितलं. "अहो, हा तर कुड."

कुडच होता. राजापूरजवळच्या माझ्या आजोळी माजघर आणि बाळंतिणीच्या खोलीमध्ये असाच कुड होता. तिथे काठ्या कारवीच्या होत्या आणि त्याला काच लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या भिंतीला टेकून बसलं की सदऱ्याच्या पाठीवर मातीचा नकाशा उठायचा आणि आजीच्या शिव्या खाव्या लागायच्या. इथे तोच कुड साडेआठ लाख पौंडांच्या घरात दिवा लावून ठेवला होता.

साडेआठ लाख कुठून आणणार होतात, असं कुणी विचारेल. आणणार नव्हतो. आम्ही गेली एकोणीस वर्षं इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या इप्सविचमध्ये राहतो, साठच्या दशकात बांधलेल्या जुळ्या घरांपैकी डावीकडच्या घरात. रविवारी सकाळी चहाबरोबर राइटमूव्हवर दुसऱ्यांची विकाऊ घरं बघायची ही आमची जुनी खोड. ती स्वयंपाकघरं बघते, मी छपरं बघतो. मी सिव्हिल इंजिनिअर. तीस-पस्तीस वर्षं सिमेंट आणि लोखंडावर पोट भरलेला माणूस, पण छप्पर लाकडी दिसलं की फोटो मोठा करून बघतो. गेल्या ऑक्टोबरात हे घर दिसलं: सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं शेतघर, ग्रेड दोनचं लिस्टेड (म्हणजे सरकारच्या जपायच्या इमारतींच्या यादीतलं), भोवती तीन एकर. बघून येऊ, असं बायको म्हणाली. घ्यायचं नसताना घर बघायला जाणं म्हणजे मुलगी पसंत करायची नसताना कांदेपोहे खाऊन येण्यासारखं आहे. हे मी तिला सांगितलंही. पण गेलोच.

इप्सविचहून उत्तरेला निघालं की चौदा-पंधरा मैलांवर डेबेनहॅम लागतं. त्याच्या पुढचा मुलूख म्हणजे सफकची चिकणमाती. नांगरलेली शेतं, मध्येच एखादं चर्च, मध्येच कुणाच्या तरी घराभोवती पाण्याचा खंदक. किल्ल्याला असतो तसा खंदक साध्या शेतकऱ्यांच्या घरांना का, याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं. मध्ययुगात ऐपत दाखवायची ती एक रीत होती, शिवाय चिकणमातीत पाणी साचतंच. बांधकामाला दगड म्हणाल तर सफकमध्ये गारगोट्यांपलीकडे काही नाही. जे होतं त्यात लोकांनी घरं बांधली: ओकचं लाकूड, माती, पेंढा, चुना. बाहेरून चुन्याचा गिलावा आणि त्यावर ती प्रसिद्ध सफक गुलाबी सफेदी. पूर्वी म्हणे त्यात बैलाचं रक्त मिसळायचे. असं सगळेच सांगतात.

घराचं दार ठेंगणं होतं. एजंट "डोकं सांभाळा" म्हणाला आणि मी उंबरा बघत आत शिरलो. गणेशपट्टी थेट कपाळावर बसली. आजोळचं दारही ठेंगणं होतं. तिथे लहानपणापासून वाकायची सवय होती. ती सवय कधी सुटली ते कळलं नाही.

"सगळ्यांनाच लागते," आतून आवाज आला. मालकीणबाई घरी नसतील असं एजंट फोनवर म्हणाला होता. त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात दोन स्वेटर, समोर शब्दकोडं. एजंटचा चेहरा पडला. पुढचा तासभर तो जे जे सांगत गेला ते ते बाई स्वयंपाकघरातून, आणि नंतर आमच्या मागे फिरत, दुरुस्त करत गेल्या.

'लिस्टेड' म्हणजे जुनं आणि महाग, एवढंच मला कित्येक वर्षं माहीत होतं. मग एका कामाच्या निमित्ताने खोलात जावं लागलं. या यादीचं मूळ युद्धात आहे. शहरांवर बॉम्ब पडत होते तेव्हा सरकारने वास्तुविशारदांना याद्या करायला लावल्या: पडझड झालेल्या इमारतींपैकी कुठल्या काहीही करून वाचवायच्या आणि कुठल्या पाडल्या तरी चालतील. १९४४ आणि १९४७च्या नगररचना कायद्यांनी ती कल्पना कायमची केली. आज इंग्लंडच्या यादीत चार लाखांच्या आसपास नोंदी आहेत. पहिल्या श्रेणीत जेमतेम अडीच टक्के, दुसरी तारांकित सहा टक्क्यांच्या आत, आणि उरलेल्या नव्वदहून जास्त टक्के नुसत्या ग्रेड दोन. थोडक्यात हे घर यादीतलं पायदळ. १७०० पूर्वीचं घर बऱ्यापैकी मूळ रूपात शिल्लक असेल तर ते यादीत असतंच, १८५० पर्यंतची बहुतेक घरंही असतात.

या यादीच्या इतिहासात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट टायरच्या कारखान्याची आहे. पश्चिम लंडनमध्ये फायरस्टोनचा १९२८ सालचा देखणा कारखाना होता. त्याला संरक्षण मिळणार अशी कुणकुण लागली आणि ऑगस्ट १९८०च्या जोडून आलेल्या सुट्टीत, सरकारी कचेऱ्या बंद असताना, त्याचा दर्शनी भाग पाडून टाकला गेला. एवढा गहजब झाला की मायकेल हेझल्टाइन या मंत्र्यांनी देशभराचं फेरसर्वेक्षण वेगाने करून घ्यायचं ठरवलं. मग माणसं वही घेऊन गावोगाव, शेताशेतात फिरली. लंडनमधला टायरचा कारखाना पडला म्हणून सफकमधली डुकरांची खुराडी वाचली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

खुराडं मी गंमत म्हणून म्हणत नाही. मुख्य घर यादीत असलं की त्याच्या आवारातलं, १ जुलै १९४८ पूर्वीपासून उभं असलेलं सगळं त्याच्याबरोबर संरक्षित. बाईंच्या परसात विटांचं एक डुकरांचं खुराडं होतं, छप्पर कोसळलेलं. "हे पाडलं तर मला तुरुंग," त्या मजेत म्हणाल्या. अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. परवानगीशिवाय लिस्टेड घराच्या रूपाला धक्का लावणं हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाहेरून दिसतं तेवढंच जपायचं असाही समज नको. आतली दारं, जिना, चूल, सगळं त्यात आलं. आणि या कारवाईला मुदत नाही. आधीच्या मालकाने १९९५ साली खिडक्या बदलल्या असतील तर नोटीस आज तुमच्या हातात पडू शकते. शिवाय दुरुस्तीवर वीस टक्के व्हॅट. ऑक्टोबर २०१२ पर्यंत निदान मंजूर झालेल्या फेरबदलांना तो माफ होता, आता तेही गेलं. नुसतं मुद्रांक शुल्कच साडेबत्तीस हजार पौंड होतं. मी गाडीत बसून हिशेब केला होता, उगाचच.

वर गेलो. जिना इतका अरुंद की सूटकेस आडवी न्यावी लागेल. झोपायच्या खोलीची जमीन एका कोपऱ्याकडे उतरलेली, जहाजावर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. बाईंनी खिडकीच्या फळीवरून एक काचेची गोटी उचलली आणि दाराशी ठेवली. गोटी निघाली. आधी सरळ, मग एका फळीच्या कडेने वळण घेऊन थेट शेकोटीपाशी. "मी चार वर्षांची असल्यापासून ती तिथेच जाते," बाई म्हणाल्या. एजंटने घसा खाकरला.

मला त्या उताराची भीती वाटली नाही. उलट तेवढ्यासाठीच मी आलो होतो. ही घरं ओल्या ओकची. लाकूड वाळवत ठेवायचं नाही, झाड पाडलं की हिरवं असतानाच तासायचं, कारण वाळलेला ओक छिन्नीला दाद देत नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. खुंटीची भोकं मुद्दाम किंचित चुकवून पाडलेली असतात, म्हणजे ठोकताना खुंटीच दोन लाकडांना एकमेकांकडे ओढून घेते. मग पुढे ओक वाळत जातो, आखडतो, वाकतो, आणि सांधा सैल व्हायच्या ऐवजी आवळत जातो. घर वाकडं झालं ते बिघडून नव्हे, घर होता होता ते वाकडं झालं. आमच्या धंद्यात अशी चूक धरून केलेली रचना कुणी कागदावर मांडली तर त्याला घरी पाठवतील.

माळ्यावर चढायला एजंट तयार नव्हता, कपडे चांगले होते. मी चढलो. टॉर्चच्या उजेडात वासे दिसले आणि मी बराच वेळ खाली उतरलो नाही. केंब्रिजचे ऑलिव्हर रॅकहॅम यांनी जंगलांचा आणि लाकडांचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं. सफकमधल्याच स्टँटन गावच्या अशा एका घराची लाकडं त्यांनी मोजली तेव्हा सुमारे ३३० झाडं भरली. राक्षसी वृक्ष नव्हेत, बरीचशी वीतभर जाडीची पोरसवदा झाडं. जसं लागेल तसं कापलेलं आणि पुन्हा फुटू दिलेलं रान. प्रत्येक सांध्यापाशी सुताराच्या खुणा होत्या, रोमन आकडे. सरळ रेघा छिन्नीने मारायला सोप्या. सगळा सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवायचा, आकडे घालायचे, सुटा करायचा, बैलगाडीत घालून जागेवर आणायचा आणि आकड्याला आकडा लावून उभा करायचा. प्रीफॅब म्हणजे नवं तंत्रज्ञान, असं कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं.

आणि वासे काळे होते. रंगाने नव्हे, काजळीने. म्हणजे घर बांधलं तेव्हा त्याला धुराडं नव्हतं. मधलं दालन जमिनीपासून आढ्यापर्यंत उघडं, मधोमध जमिनीवर आगटी, आणि धूर आपला वाट शोधत छपरातून जाणार. विटांचं धुराडं नंतर, सोळाव्या शतकात कधीतरी घुसवलं. शेजारच्या एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये लिहून ठेवलंय की आपल्या हयातीत तीन गोष्टी पार बदलल्या, असं गावातली म्हातारी माणसं म्हणतात. एक, जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. दोन, अंथरूण-पांघरूण, कारण पूर्वी डोक्याखाली ओंडका घेऊन झोपायचे आणि उशी ही बाळंतिणीची चैन समजली जायची. तीन, लाकडी ताटल्या जाऊन आलेली धातूची भांडी. धुराड्याने माणसांच्या डोळ्यांचं पाणी थांबलं, आणि धूर छपरात साचायचा बंद झाल्यावर वरती माळा घालता आला. मी उभा होतो तो माळा. बोट लावलं तर काळं झालं. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी जेवणाचा धूर. हात पुसायला रुमाल काढला आणि परत ठेवला.

खाली चुलीवरच्या जाड तुळईवर अश्रूच्या आकाराचे जळके डाग होते, एका ओळीत सात-आठ. एजंट म्हणाला, मेणबत्ती चुकून लागली असेल. बाई म्हणाल्या, चुकून आठदा? हे डाग मुद्दाम पाडलेले असतात, आग आणि चेटूक घराबाहेर ठेवण्यासाठी. शेजारी करकटकाने कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल होतं, तेही त्याच कामाचं. जुन्या वास्तू जपणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेने २०१६ मध्ये लोकांकडून अशा खुणांचे फोटो मागवले होते, तेव्हापासून त्यांना 'विच मार्क' म्हणून बरीच प्रसिद्धी मिळाली. बाईंच्या वडिलांना धुराड्याच्या आडोशात लहान मुलाचा एक बूट सापडला होता. एकच. जोडी नव्हती. असे एकेकटे, झिजलेले बूट इंग्लंडभर धुराड्यांत आणि भिंतींत सापडतात, आणि नॉर्थहॅम्प्टनच्या संग्रहालयात त्यांची नोंदवही आहे. बाईंच्या आईने तो बूट संग्रहालयात जाऊ दिला नाही. जिथला तिथे ठेवायला लावला. "अजून आहे. तुम्ही घर घेतलंत तर तो तुमचा," त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे बांधकाम चालू असताना इमारतीला काळी बाहुली टांगतात, मी काम केलेल्या प्रत्येक साइटवर होती, एकदा बँकेच्या इमारतीवरही. त्यांना ते फार पटलं. एजंटने घड्याळ बघितलं.

उत्तरेकडच्या थंडगार खोलीच्या दारावर पुसट अक्षरं होती: डेअरी. १६९६ ते १८५१ इथे खिडक्यांवर कर होता. दूधदुभत्याच्या खोलीला तो माफ होता, मात्र दारावर तसं लिहायला हवं. हा भाग तेव्हा लोणी-चीजचा. लोणी काढून घेऊन उरलेल्या दुधाचं चीज करायचे, ते दगडासारखं होई. १६६१ मध्ये लंडनच्या सॅम्युअल पीप्सच्या घरी नोकरांनी सफकचं चीज खायला कुरकुर केली आणि त्याची बायको वैतागली, असं त्याच्या रोजनिशीत आहे. आता त्या खोलीत बाईंचा फ्रीजर होता.

मी विचारलं, शेत कुठंय?

जाहिरातीत 'शेतघर' होतं, 'फार्म' हा शब्द घराच्या नावातही होता, पण आम्ही आत शिरल्यापासून शेताबद्दल कुणी बोललं नव्हतं. बाई खिडकीपाशी गेल्या. कुंपणापलीकडे सगळं शेजाऱ्याचं. तो शेजारीही प्रत्यक्ष कसत नाही, कंत्राटदाराची यंत्रं येतात, दोन दिवसांत पेरून जातात. धान्याचं मोठं कोठार वेगळं विकलं. तिथे आता एक कुटुंब राहतं, जिथून गाड्या आत जायच्या त्या दारांच्या जागी दोन मजली काच आहे, आणि ते दोघं स्टोमार्केटहून लंडनची गाडी पकडतात. तबेला कुणीतरी कार्यालय केला. या प्रत्येक गोष्टीला रीतसर परवानगी होती. खुराड्याची वीट हलवता येत नाही, पण ज्या कामासाठी खुराडं, कोठार, डेअरी, तबेला आणि मध्ये हे घर उभं राहिलं, ते काम कुठल्याच यादीत बसत नव्हतं. ते गेलं तेव्हा कुणाची सही लागली नाही.

बाईंना शेतांची नावं पाठ होती. १८३६च्या कायद्यानंतर चर्चचा दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा, रोकड्यात वळवण्यासाठी गावोगाव नकाशे झाले, त्यांतलीच नावं. छोट्या कुंपणबंद तुकड्याला इथे 'पाइटल' म्हणतात. कोकणातला कुणगाच तो. असे सात पाइटल त्यांनी मोजून दाखवले. युद्धानंतर मोठ्या यंत्रांसाठी कुंपणं काढायला सरकार पैसे देत होतं, तेव्हा त्यांच्याच वडिलांनी सातांचं एक शेत केलं. वडील घोडे विकले त्या दिवशी जेवले नव्हते. पण कुंपणं काढली त्या दिवशी मात्र खुशीत होते, असं त्या म्हणाल्या.

आजोबा या घरात कूळ होते. पहिल्या महायुद्धानंतर जमीनदारांनी जमिनी विकायला काढल्या तेव्हा त्यांनी १९१९ मध्ये कर्ज काढून घर आणि जमीन घेतली. धान्याच्या भावाची सरकारी हमी होती. १९२१ मध्ये सरकारने ती हमी काढून घेतली. भाव कोसळले, कर्ज तेवढंच राहिलं. पुढची अठरा वर्षं छपरावर एक कौल नवं चढलं नाही. त्या काळात ही घरं कुणाला नको होती. इप्सविचच्या पश्चिमेला एल्मसेट गाव आहे. तिथे चर्चसमोर एक दगडी स्मारक आहे, मी पाहिलंय. १९३२ मध्ये चर्चचा दशांश थकला म्हणून तिथल्या शेतकऱ्यावर जप्ती आली. फर्निचर, तान्ह्या बाळाचा पलंग आणि पांघरुणं, दुभत्या गाई, धान्याच्या गंजी, एकूण १२०० पौंडांचा ऐवज, आणि थकबाकी ३८५ पौंड. हा हिशेब त्या दगडावर कोरलेला आहे, तोही चर्चच्या तोंडासमोर. इंग्रजांच्या थंड रागाचा याहून चांगला नमुना मी बघितलेला नाही.

म्हणून मला वाटतं, या घरात पाचशे वर्षं टिकलं ते कौतुकाने टिकलेलं नाही. बरंचसं गरिबीने टिकलं. पैसे असते तर आजोबांनी काजळीचे वासे काढून नवे घातले असते. कौतुक शेवटच्या पन्नास-साठ वर्षांतलं.

परसातून फिरताना मी सवयीने भिंतीच्या पायथ्याला बोटांनी टिचकी मारली. वरच्या भागात चुन्याचा गिलावा मऊ, घट्ट वाजत होता. खाली कमरेपर्यंत आवाज बदलला. पोकळ. सिमेंट. पट्ट्याच्या वरच्या कडेला केसभर भेग, आणि तिथे हिरवं शेवाळ. आत काय झालं असेल ते मला न उघडता कळलं. चुना पाणी घेतो आणि सोडतो. सिमेंट भेगेतून पाणी आत घेतं आणि बाहेर जाऊ देत नाही. मग सगळ्यात खालची आडवी तुळई, जिच्यावर अख्खा सांगाडा उभा, ती भिजत बसते. चारशे-साडेचारशे वर्षं कोरडी राहिलेली तुळई दहा-वीस वर्षांत हाताने कुस्करता येईल अशी होते.

"माझ्या नवऱ्याने केलं ते," बाई म्हणाल्या. "१९७४ साली. फार अभिमान होता त्याला. तेव्हा सगळेच करायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाईट आहे ना?"

मी हो म्हणालो. पुढे बोलायला जीभ वळेना, कारण मला त्या नवऱ्यावर चिडायचा अधिकार नव्हता.

१९९१ मध्ये डिप्लोमा हातात घेऊन मी आजोळी गेलो आणि आजीचं घर पाडायचा नकाशा काढला. बावीस वर्षांचा होतो. चिऱ्याचं जोतं, कुडाच्या आतल्या भिंती, मंगलोरी कौलं. मामा म्हणाले, स्लॅबचं घर बांधू, इंजिनिअर घरातच आहे. या प्रसंगाची मी पुढे बरीच वर्षं अशी गोष्ट करून सांगत आलो की आजीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं नाही. आजीला घाई होती. दर वैशाखात घर शाकारायचं, उतरलेली कौलं परत चढवायची, फुटकी बदलायची, माकडं नाचली की पुन्हा तेच. दर आठवड्याला जमीन सारवायची, कुडाला हात द्यायचा, वाळवी आली तर खरवडायचं. "सारवून सारवून माझी हाडं झिजली रे बाबा," ती म्हणाली, "घाल तुझा तो स्लॅब." कुड पाडताना धुळीत उभी राहून तिने पदर नाकाला लावला आणि कारवीच्या काठ्या चुलीसाठी वेगळ्या काढून ठेवल्या. नव्या घरात तिने लादी पुसण्यापलीकडे अकरा वर्षं काही केलं नाही. जुन्या घराची आठवण तिने काढल्याचं मला आठवत नाही. आठवण मी काढतो.

स्लॅब बाराव्या वर्षी गळायला लागला. कोकणातला पाऊस आणि माझं तेव्हाचं ज्ञान, दोन्ही कारणं होती. आता त्याच्यावर निळ्या पत्र्याची शेड आहे. राजापूर ते लांजा बसने गेलात तर तसे निळे पत्रे शेकड्याने दिसतील. सगळेच काही माझे नव्हेत.

हे सगळं मी बाईंना सांगितलं नाही. सिमेंट काढायचं कसं ते सांगितलं: हलक्या हाताने, एकेक गाळा करून, तुळईचा कुजलेला भाग कापून नवा ओक जोडायचा, मग काही महिने उघडं ठेवून वाळू द्यायचं, मग चुन्याचे तीन हात. परवानगी लागेल. खर्च विचारला तर आकडाही सांगितला असता, पण त्यांनी विचारला नाही.

"पुढचा करेल," त्या म्हणाल्या. "माझी पाळी झाली."

चहा देते म्हणाल्या. स्वयंपाकघर सोडून सगळं घर गार होतं. गावात गॅसची लाइन नाही. परसातल्या टाकीत केरोसीन भरतात, त्यावर बॉयलर चालतो. रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन मी लहानपणी उभा राहिलो ते हेच रॉकेल, इथे हजार लिटरने येतं आणि जानेवारीत तेही पुरत नाही. खिडक्यांना एकेरी काच. दुहेरी लावायची तर पुन्हा परवानगी, बहुधा नकार. माळ्यावर वटवाघळं, आणि वटवाघळांना या देशात माणसांपेक्षा पक्कं संरक्षण आहे. "भाडं देत नाहीत," बाई म्हणाल्या, "पण कधी तक्रारही केली नाही."

त्यांनी फ्रॅमलिंगहॅमला नवा बंगला घेतला होता. कपाटातून त्याचं माहितीपत्रक काढलं आणि एजंटने आम्हाला हे घर दाखवलं नसेल इतक्या उत्साहाने दाखवू लागल्या. जमिनीखालून गरम पाणी. दाराला उंबरा नाही. प्रत्येक भिंतीत वीजेची दोन-दोन बटणं. बायको बटणं मोजायला त्यांच्याशेजारी जाऊन बसली. दोघींचं जमलं.

"बघायला गेले तेव्हा मी गोटी खिशात घेऊन गेले होते," बाई म्हणाल्या. "मधोमध ठेवली. हललीच नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा, आजी लादीवर पहिल्यांदा अनवाणी चालली तेव्हाचा होता.

मग त्यांनी मला विचारलं, तुमचं घर कसं आहे? मी सांगितलं. साठच्या दशकातलं, छत आठ फुटांवर, दुहेरी काचा.

"आणि ऊब?"

"भरपूर."

"मग इथे काय करताय?"

त्या रागावल्या नव्हत्या, खरोखर विचारत होत्या. एजंटनेही पहिल्यांदाच उत्सुकतेने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोललो, वाशांबद्दल. निघताना दारात वाकलो, पण वेळेआधी वाकलो आणि सरळ झालो तो गणेशपट्टीखालीच.

सोमवारी एजंटचा फोन आला, कसं वाटलं विचारायला. दारं फार ठेंगणी आहेत, मी म्हणालो.

त्या संध्याकाळी बायको उसळीसाठी वाटाणे निवडत होती. तिने त्यातला एक उचलला, स्वयंपाकघराच्या मधोमध जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतला. वाटाणा क्षणभर थांबला, मग विचार करून निघाल्यासारखा हळूहळू फ्रिजखाली गेला.